सासऱ्यांच्या सायकलीचे छर्रे

आमचे हे सातपूरच्या एका कारखान्यात मशीनवर होते. त्यामुळे जगातल्या कुठल्याही फिरत्या वस्तूवर आपला हक्कच आहे, असं त्यांना वाटायचं. पंखा, मिक्सर, शिवणयंत्र, सगळ्यांचं त्यांनी भलं केलं होतं. मिक्सर त्यातच गेला. मग माझ्या सासऱ्यांच्या सायकलीची पाळी आली.

ती सायकल अख्ख्या इंदिरानगरला पाठ होती. दोन्ही चाकांतले छर्रे झिजलेले, ग्रीस कधीच वाळून गेलेलं. चाकं अशी करकरायची, की मामंजी कोपऱ्यावर वळले तरी आमच्या स्वयंपाकघरात कळायचं. नव्वदच्या सुमाराला तिथे घरं कमी आणि मोकळे प्लॉटच जास्त, आवाजाला अडवणार कोण? मामंजींना मात्र त्याचं काही नसायचं. जन्म लासलगावला कांद्याच्या लिलावात ओरडण्यात गेला, कान गेले असणार, असं निदान आमच्या डॉक्टरांनी, म्हणजे ह्यांनीच, केलं होतं.

माझा त्या करकरीवर फार जीव. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, मामंजी कडक. त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळायची सोय नव्हती. ‘चहा ठेवू का’ आणि ‘ठेव’, एवढाच आमचा संवाद. चारला ते भाजी आणायला निघाले, की घर माझं! गाऊन चढवायचा, केस मोकळे सोडायचे, रेडिओ मोठा करायचा आणि त्यांच्याच आरामखुर्चीत पाय वर घेऊन शेंगा खात पडायचं. दिवसभरात तेवढा एक तास मी कुणाची कुणी नसायचे. करकर ऐकू आली की गाऊनवरच साडी गुंडाळून सोज्वळ चेहऱ्याने दारात हजर. म्हाताऱ्याला कसं बनवलं, म्हणून मी स्वतःवर भलती खूष असायचे.

एका रविवारी हे अंगणात पेपर पसरून सायकल घेऊन बसले. मी म्हटलं, चाललंय तर चालू द्या की, कशाला उघडताय. तर म्हणे, बायकांना मशिनरीतलं काय कळतं. खरंय, मिक्सरलाही कळलं नव्हतं. चाकं निघाली, एक्सल निघाला, छर्रे फरशीभर पळाले आणि ग्रीसचे हात माझ्या नव्या पडद्याला पुसले गेले. संध्याकाळपर्यंत नवे छर्रे बसले, नवं ग्रीस भरलं. बोटाने ढकललं तरी चाक फिरतच राही, हूं की चूं नाही. दुर्दैव माझं, या वेळी काम उत्तम झालं होतं. जुनं सामान श्रीखंडाच्या डब्यात घालून हे येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत बसले.

दुसऱ्याच दिवशी व्हायचं ते झालं. खुर्चीत माझा डोळा लागलेला. उघडला तर दारात मामंजी. माझ्या अंगावर गाऊन, केस पिंजारलेले, मांडीवर टरफलं. मामंजींनी मान फिरवली आणि आले तसे बाहेर गेले. समोरच्या प्लॉटवर भाजीची पिशवी धरून बराच वेळ उभे राहिले. मी साडी नेसून दिवा लावला, तेव्हा कुठे आत आले.

आता लेकाकडे तक्रार जाणार, हे मी धरूनच चालले. एकाहून एक झोंबणारी उत्तरं तयार ठेवली. पण तोवर माझा तास गेला तो गेलाच. चार वाजले की मी पदर घेऊन, रेडिओ बंद करून, पाहुणी आल्यासारखी स्टुलावर बसायचे. फार राग यायचा.

पुढच्या रविवारी मामंजींनी ह्यांना अंगणात बोलावलं. मी खिडकीला कान लावला.

“ते जुनं सामान परत बसव.”

हे उडालेच. चाकाची वाट लागेल, आवाज येतो, कॉलनी हसते, असं लांबलचक व्याख्यान झालं. मामंजींनी ते सगळं ऐकून घेतलं. म्हणजे कान शाबूत होते.

“आवाज येतो म्हणूनच सांगतोय. मी येतोय हे तिला लांबून कळाय पायजे.”

मग घंटी वाजवत या की, हे वैतागून म्हणाले.

“घंटी वाजवली तर ती दार उघडाया पळत येती. दिवसभर राबती पोरगी. घटकाभर बसती, तर बसू दे.”

 मी खिडकीखाली बसले आणि पदराचा बोळा तोंडात धरून रडले. त्या घरात मला कुणी पोरगी म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.