टाकीत उतरणारी ताई

माझी ताई उंच इमारतींवरच्या पाण्याच्या टाक्या धुते. टाकीचं तोंड जेमतेम हातभर रुंद. त्यातून ती सहा वर्षं अशी सुळकन आत जायची, की टोळीतल्यांनी तिचं नाव खारूताई ठेवलं. बाकीचे तिघे वर उभे राहून दोर धरणार. पोटं त्यांची सुटलेली, पण त्यांना आत जायला कोण सांगतंय!

मग तिला बाळ झालं आणि ते तीन महिन्यांचं झालं तशी ती कामावर हजर झाली. पहिल्याच टाकीत पाय गेले, गुडघे गेले आणि कमरेपाशी गाडी अडली. तिघांनी मिळून तिला वर ओढलं. मुकादम म्हणाले, "खारूताई, महिनाभर थांबतो. नाहीतर आत उतरायला दुसरा माणूस बघावा लागेल."

घरी येऊन तिने तोंडाला कुलूप घातलं. सकाळी चहा, दुपारी काकडी, संध्याकाळी निग्रह. मी म्हटलं, "निग्रहात मीठ तरी घाल गं." तिने चमचा फेकून मारला. नेम चुकला, कारण हातात जोरच नव्हता.

पंधरा दिवसांत तिचे चार किलो उतरले आणि दूधही आटायला लागलं. बाळ प्यायला लागायचं, सोडून रडायचं, परत लागायचं. दवाखान्यात नर्सबाईंनी त्याला काट्यावर ठेवलं. काटा पंधरा दिवसांपूर्वी होता तिथेच.

"काय खातेस?"

"काही नाही. टाकीत मावायचंय मला."

"ह्याचं झबलं सैल पडतंय, ते बघ आधी! पाजणाऱ्या बाईने उपाशी राहायचं नसतं. पोटभर जेव, पाणी पी, रोज चाल. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ झालं. आणि आठ दिवसांनी बाळाला परत घेऊन ये."

ताई तिथून थेट मुकादमांकडे. मागे बाळाला घेऊन मी. मला वाटलं, आता रडणार.

"काका, महिन्यात नाही जमायचं. चार महिने लागतील. तोवर पंप आणि नळ्या मी सांभाळते. दुसरा माणूस आणायचा तर खुशाल आणा, पण पोराच्या तोंडचं काढून मी आत उतरणार नाही."

"चार महिने?"

"आत उतरल्यावर घाई करायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

मुकादमांनी माणूस आणलाच. काटकुळा, चपळ. त्याला कोपरे घासायला शिकवलं कोणी? ताईनेच. ती दोन्ही वेळा नीट जेवायची, मधे अंडं नाहीतर फळ खायची, बाळाला छातीशी बांधून तासभर चालायची. एका आठवड्यात वजन उलट पाव किलो वाढलं. मी तोंड उघडणार होतो, पण तिची नजर बघून मिटलं. बाळाचे गाल मात्र असे फुगले, की नर्सबाईंनी दोन्ही ओढून पाहिले.

मागून घेतलेले चार महिने सरल्यावर एके सकाळी तिने खाली पहारेकऱ्याच्या खोलीत बाळाला पाजलं, माझ्याकडे दिलं आणि जिना चढली. बाळाला घेऊन धापा टाकत मीही मागोमाग. गच्चीवर तिने दोर बांधला, पाय सोडले. कमरेपाशी क्षणभर थांबली. आम्ही सगळ्यांनी पोटं आत ओढली, जणू त्याने तिला मदतच होणार होती. आणि ती गेली!

आतून घुमणारा आवाज आला, "ह्या कोपऱ्यात शेवाळ कोणी ठेवलंय रे?"

काटकुळ्याने मान खाली घातली. मुकादमांनी दोर त्याच्या हातात दिला.

"नीट धर," ते म्हणाले, "तुझ्या गुरू आहेत आत."