नलूमावशींचं शेवटचं पाणी

पक्षाघाताच्या वॉर्डात किस्से शोधावे लागत नाहीत. भेटायला येणारे ते डब्यात भरूनच आणतात! मी बुलढाण्याच्या एका दवाखान्यात स्पीच थेरपिस्ट आहे. लोकांना वाटतं, मी फक्त बोलायला शिकवते. खरं तर माझा निम्मा दिवस पेशंटला नीट गिळता येतं का, हे तपासण्यात जातो. उरलेला निम्मा म्हाताऱ्यांशी भांडण्यात!

*

नलूमावशी धाड गावच्या, निवृत्त अंगणवाडी सेविका. उजवी बाजू लुळी, नाकात नळी. चमचाभर पाणी देऊन पाहिलं, तर ठसका लागला आणि आवाज घरघरला. म्हणजे पाणी श्वासनलिकेकडे चाललं होतं. मी पलंगावर पाटी लावली : ‘तोंडाने काहीही देऊ नये.’

दुपारी त्यांची जाऊ चहाची बशी आणि चमचा घेऊन तयार!

“पाटी दिसली नाही का?”

“दिसली ना वं. पन चाय कोन बंद करते?”

*

सिनियर डॉक्टरांनी दारातूनच निकाल दिला, “या वयात? नळी कायमची.”

“सर, त्यांना गिळताना पाहिलंत का?”

“अनुभव आहे मला!”

“तुम्हाला आहे सर. मावशींचा हा पहिलाच झटका आहे!”

सिस्टर औषधांच्या ट्रॉलीमागे तोंड लपवून हसत होत्या.

*

मग मेहकरहून मावशींचे थोरले भाऊ आले. सगळे त्यांना दादा म्हणतात.

“हे नलू तोंडानं जेवीन का नाही? हाव का नाही, तेवढं सांग.”

“आज नाही सांगता येत. व्यायाम सुरू केलेत, दर आठवड्याला तपासू.”

“मंग इतकी शिकली काऊन?”

“न पाहता सांगायचं नाही, एवढं तरी शिकले!”

*

दुसऱ्या दिवशी दादा गंगाजलाचा सीलबंद गडू घेऊनच हजर.

“बहीन चालली माही. शेवटचं पानी माह्या हातचं.”

मी गडू हिसकावला. “हे फुप्फुसात गेलं, तर खरंच शेवटचं ठरेल!”

“मोठ्यायशी बोलाची रीत नाही शिकवली का तुले कोनं?”

“शिकवली. पण आधी यांना गिळू द्या!”

गडू माझ्या कपाटात गेला, वर कुलूप. मावशी सगळं ऐकत होत्या. डाव्या हाताने त्यांनी माझी ओढणी घट्ट धरली, सोडेचनात.

*

व्यायाम झाले. हनुवटी खाली करून गिळणं झालं. घट्ट दही झालं, दाट पेज झाली. राहिलं होतं साधं पाणी. पातळ म्हणून तेच सगळ्यात अवघड. पाणी तपासायच्या दिवशी दादा पलंगाच्या पायथ्याशी उभे, सिनियर डॉक्टर दारात.

एक चमचा. ठसका नाही.

“मावशी, आ म्हणा.”

“आ…” स्वच्छ!

मग एक घोट. मग कपभर. पुन्हा “आ”. दारातले डॉक्टर आत येऊन उभे राहिले. दादा डोळे पुसायला लागले.

“मावशी, जमलं! आता काय हवं?”

मावशींनी दादांकडे पाहिलं. शब्द एकेक करून आले.

“पोरी… कपाट उघड. दादाचं… पानी काढ. आन्… चाय मांड त्याची!”