ओट्यावर बसलेली

कशेळ्यात आमच्या शेजारी पंचेचाळिशी उलटलेली एक विधवा राहायची. बाजारात वाल विकायची. माप ओतताना प्रत्येकाला म्हणायची, "नाय शिजले तर परत आण रं." तेव्हा पाळी आली की बाया मागच्या पडवीत बाजूला बसत, त्यामुळे सगळ्या आळीला कळायचं. एका वर्षी ती तीन-चार महिने बसलीच नाही. कुजबुज सुरू झाली. मीही तिच्या पोटाकडे बघू लागलो. तिच्याकडे कोण येतं-जातं, तेही. आम्ही तिचे वाल घेणं बंद केलं.

मग एक दिवस ती पडवी सोडून पुढच्या ओट्यावर बसली, रस्त्याकडे तोंड करून. मला म्हणाली, "नीट बघ रं. बसलेय मी. आता सांग आळीला." मला वाटलं, सोंग करतेय.

काही वर्षांनी माझ्या बायकोची पाळी तशीच चुकू लागली. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, "या वयात होतं असं. पाळी जायच्या आधी कधी महिनोन् महिने येत नाही, मग अचानक येते."

त्याच आठवड्यात मी बाजारात तिच्यासमोर पिशवी धरली. तिने माप भरून ओतलं. नाही शिजले तर परत आण, असं मात्र म्हणाली नाही.