टॅग केलेली नावं

गेल्या सोमवारी सकाळी दहाला मी पोलीस ठाण्यातल्या बाकावर बसले होते. आयुष्यात पहिल्यांदाच.

झालं असं की कालव्याला पाणी सुटेना, म्हणून आमचं गाव बारामती-इंदापूर रस्त्यावर तासभर बसलं. दगड नाही, शिवीगाळ नाही. मी हौसेनं व्हिडिओ काढला, फेसबुकवर टाकला आणि लग्नाच्या फोटोंना करतो तसं एकेकाला कौतुकानं टॅग केलं.

जमावबंदी लागू आहे हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. आठ दिवसांत नोटिसा आल्या... नेमक्या मी टॅग केलेल्यांनाच! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेजारचे तात्या नोटीस घेऊन दारात आले. वाटलं, आता चांगलं झापणार. तर म्हणाले, "आमचं म्हाताऱ्याचं काय, व्हईल ते व्हईल. पर पूजाचं नाव निघाया नगं, पोरी."

पूजा त्यांची नात. पोलीस भरतीसाठी दोन वर्षं रोज पहाटे उठून पळतेय. व्हिडिओत ती तात्यांना पाण्याची बाटली देताना दिसते, फेसबुकवर नाही म्हणून टॅगमधून तेवढी वाचली. गुन्हा दाखल झाला तर चारित्र्य पडताळणीतच अडकणार.

व्हिडिओ टाकला म्हणून मलाही ठाण्यात बोलावलं. साहेबांनी माझाच व्हिडिओ नेमका त्या बाटलीपाशी थांबवला. "मॅडम, ही मुलगी कोण?"

ओळखत नाही म्हणायचं तर तेही खोटं... शेवटी मी म्हणाले, "ओळखते साहेब, पण सांगणार नाही. व्हिडिओ मी काढलाय, माझं नाव लिहा." आवाज इतका थरथरत होता की त्यांना ऐकूच आलं नाही. सगळं परत सांगावं लागलं.

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि "गरज पडली तर बोलवू" म्हणून सोडलं. तेव्हापासून अनोळखी नंबर दिसला की फोन उचलवत नाही. पाणी मागितलं हो फक्त... त्याचीही एवढी धास्ती घ्यायची?

आज सकाळी पूजा कालव्याच्या कडेनं पळताना दिसली. लांबूनच "काकीऽऽ" म्हणून हात केला. तात्यांनी तिला अजून काही सांगितलेलं नाही.

ही पोस्ट टाकू की नको, दोन दिवस ठरत नव्हतं. शेवटी टाकतेय. फोटो नाही, टॅग नाही, गावाचं नाव नाही.

आणि हो... पूजा हे तिचं खरं नाव नाही.