थोरली कोणती

त्या वर्षी आमच्या घरी महालक्ष्म्या बसवू नयेत असं माझं स्पष्ट मत होतं, आणि ते मी बाबांना तोंडावर सांगितलंही होतं. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया वाळत घालता घालता आई कोसळली होती. लकवा. उजवी बाजू गेली आणि तिच्यासोबत वाचाही गेली. दवाखान्यातून प्रताप नगरच्या घरी आणली तेव्हा ती आम्हां सगळ्यांना ओळखत होती, बोललेलं सगळं तिला कळत होतं, पण तोंडातून एक शब्द निघत नव्हता. जिच्या आवाजानं सकाळी शेजारची माणसंसुद्धा जागी व्हायची, ती बाई पलंगावर गप्प पडून. मी देवीवर भयंकर रागावले होते. म्हटलं, जिनं जन्मभर तुझं पुरण वाटलं तिचाच उजवा हात नेलास ना, आता कर तुझं तूच!

डॉक्टरांनी धीर दिला होता. हात हळूहळू हलेल, वाचाही येईल, फक्त त्यांनी मनावर घेतलं पाहिजे, असं ते म्हणाले. नेमकं तेच होत नव्हतं. आई मनावर घेईना. हाताला तेल लावून व्यायाम करवायला गेलं की ती भिंतीकडे तोंड फिरवायची. एकदा तर तिनं डाव्या हातानं खुणावून गळ्यातली सोन्याच्या मण्यांची एकदाणी काढायला लावली आणि ती वहिनीच्या हातात ठेवून तिची मूठ मिटली. वहिनी रडत स्वयंपाकघरात पळाली. आमच्या आईनं आवराआवर सुरू केली आहे, हे तेव्हा आम्हाला कळलं. तिला बोलता येत नव्हतं याचं दुःख होतंच, पण तिला आता बोलायचंच नाही की काय, ही भीती त्याहून मोठी होती.

भाद्रपद लागला. मी म्हटलं, यंदा राहू द्या, देवी काही फासावर चढवणार नाही. बाबा गांधीबागेच्या बाजारात साड्यांच्या दुकानात कामाला होते. माणूस इतका गरीब स्वभावाचा की घरात त्यांचा आवाज म्हणून कुणाला आठवायचा नाही. पण त्या दिवशी ते ठामपणे म्हणाले, "बसवाच लागते. तिले दिसलं पाहिजे. तिच्या डोळ्यासमोर घर बंद नाही करत मी."

बरं, बसवायच्या तर बसवायच्या, पण येतं कुणाला? भाऊ नोकरीला बाहेरगावी, वहिनी लग्न होऊन आलेली जेमतेम वर्षाची आणि तिच्या माहेरी महालक्ष्म्या नव्हत्याच. मला येत होतं ते फक्त आईच्या हाताखालचं काम. भाज्या निवडायच्या, पुरण शिजत घालायचं आणि बोलणी खायची. मुख्य काम आई कुणाच्या हाती देतच नव्हती. तरी आम्ही पदर खोचला. धान्यानं भरलेल्या दोन कोठ्या मांडल्या, म्हणजे देवींची धडं. त्यांना साड्या नेसवताना मात्र आमची तारांबळ उडाली. निऱ्या काही धरेनात. बाबा बराच वेळ दारात उभे राहून पाहत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही. "सरका वं पोरींनो," म्हणत आत आले आणि दुकानात गिऱ्हाइकापुढे साडी उलगडून दाखवावी तशा सराईत हातांनी दोन्ही देवींना त्यांनी अशा काही साड्या नेसवल्या की आम्ही बघतच राहिलो. "कोणाले सांगू नका वं," असंही वर बजावलं. पलंगावरून आई सगळं पाहत होती. तिच्या डोळ्यांत हसू आल्यासारखं मला वाटलं, पण म्हटलं, आपलेच मनाचे खेळ असतील.

मग आले मुखवटे. आमचे मुखवटे पितळेचे, आईच्या आजेसासूपासून तिच्याकडे आलेले, आणि अगदी एकसारखे. थोरली ज्येष्ठा, धाकटी कनिष्ठा. आमच्या घरी थोरली देवघराच्या अंगाला बसते आणि धाकटी दाराच्या अंगाला. पण त्यांतली थोरली कोणती, हे जगात फक्त आईला ठाऊक! चिंच लावून घासताना ती बोलायची त्यांच्याशी, "थोरले, तुझं नाक किती काळं झालं वं," असं. आम्हाला वाटायचं, तिचा नुसता चाळा असेल. आता दोन्ही मुखवटे घासूनपुसून समोर ठेवले आणि मी नि वहिनी एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसलो. वहिनी म्हणे, ही जरा रागीट दिसते, हीच थोरली असेल. मी म्हणे, रागीट असते ती धाकटी, घराघरांत पाहा. आईला विचारावं हे आम्हाला सुचलं कसं नाही, याचं आजही नवल वाटतं. ती बोलत नाही म्हटल्यावर तिला विचारायची आमची सवयच मोडली होती. मी हटून बसले आणि माझंच खरं केलं. हळदी-कुंकवाच्या पावलांवरून, ताट वाजवत, आम्ही देवींना घरात आणलं. "कशाच्या पावलानं आली?" असं वहिनीनं विचारलं आणि आईचं दरवर्षीचं उत्तर मी दिलं, "सोन्याच्या पावलानं."

देवी बसल्या आणि आईची घालमेल सुरू झाली. डावा हात सारखा उचलून दाखवायची. आम्ही पाणी दिलं, तिनं तोंड फिरवलं. पंखा लावला, बंद केला. उशी बदलली. समईचा उजेड डोळ्यांवर येत असेल म्हणून बाबांनी पलंग सरकवला, तर तिनं हात आपटला. दुसऱ्या दिवशी तर ती नुसती धुमसत होती. आम्हाला वाटलं, आपल्याला उठून करता येत नाही म्हणून जीव तळमळतोय बिचारीचा. मी तिच्या कपाळावरून हात फिरवला तर तिनं माझ्याकडे असं काही पाहिलं की मी हात मागे घेतला. दया नको होती तिला, एवढं मात्र कळलं.

दुपारी महानैवेद्याची पानं मांडली. पुरण, आंबील, कढी, सोळा भाज्या, सगळं आम्हाला जमेल तसं केलेलं. वरून फुलोऱ्याच्या करंज्या लोंबत होत्या, त्याही जरा वाकड्याच. बाबांनी आरतीचं तबक उचललं. मी हात जोडले आणि, काय सांगू, मनात काही मागणंच उरलं नव्हतं. रागही दमून गेला होता. एवढंच म्हटलं, बाई, आम्हाला आलं तेवढं केलं, आता तुझं तू पाहा.

आणि मागून आवाज आला. जाड, घोगरा, पण आवाज.

"थो... थोरली!"

बाबांनी तबक खाली ठेवलं. मी वळून पाहिलं तर आई उशीवरून अर्धी उठलेली, लालबुंद, डावा हात देवींवर रोखलेला. "थोरली... इकडं!" ती ओरडली, आणि देवघराच्या बाजूला बोट केलं. मग माझ्याकडे बघून, अगदी स्वच्छ म्हणाली, "गधडी!"

इतकी वर्षं शिव्या खाल्ल्या, पण त्या एका शिवीनं मला जे मिळालं ते कुठल्या आशीर्वादानं मिळालं नसेल. मी धाय मोकलून रडले आणि रडता रडता हसत सुटले. वहिनीही तशीच. आमचे बाबा मात्र त्या दिवशी फार हुशार निघाले. डोळे पाण्यानं भरलेले, पण चेहरा साळसूद ठेवून ते पलंगाजवळ गेले नि म्हणाले, "मले तर काही समजून नाही राहिलं वं. थोरली कोणती? ही?"

"नाही! ती!"

"ती काहून? दोघी सारख्याच तर आहेत."

"हनु... हनुवटी!" आई चिडून म्हणाली. "बघा ना!"

थोरलीच्या हनुवटीवर बारीकशी खळी होती, ती मला तेव्हा कुठे दिसली. बाबा मुद्दाम चुकीच्याच मुखवट्याची हनुवटी बघू लागले. आई आणखी तापली, आणि एकेक शब्द अडखळत, ठेचकाळत बाहेर पडू लागला. ज्या शब्दांची आम्ही उन्हाळ्यापासून वाट पाहिली होती ते असे भांडत भांडत येत होते. मी पुढे झाले आणि म्हटलं, "आई, बदलून टाकू का जागा?" पण विचारता विचारताच माझ्या ध्यानात आलं की एकदा बसवलेल्या देवी निरोपापर्यंत हलवत नाहीत. आमच्या घरचा नियम तो, आणि पाळणारी आईच. आता ही काय म्हणते म्हणून आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो. आई दमली होती. तिनं बराच वेळ दोघींकडे पाहिलं. मग तिचा चेहरा निवळला. "असू दे," ती म्हणाली. "बसल्या ना. असू दे." भाजीत मीठ चिमूटभर इकडचं तिकडं झालं तरी घर डोक्यावर घेणारी आमची आई, तिच्या तोंडून 'असू दे' मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, वाचा कधीकधी अशीच अवचित परत येते. असेल. मी वाद घालत नाही. मला फक्त इतकं वाटतं की आम्ही त्या दिवशी सगळं बिनचूक केलं असतं तर आईला बोलण्याचं काही कारणच उरलं नसतं. मी हट्टानं जे चुकीचं केलं त्याच वाटेनं ती देवी माउली आत आली. तेव्हापासून मी देवापुढे बसते ती अमुक असंच होऊ दे म्हणून बसत नाही. आपल्याला जमेल ते जीव ओतून करावं आणि मग हात सोडून द्यावेत. माझ्यासारख्या हट्टी बाईला हे शिकायला सोपं नव्हतं, पण शिकवणारीनं शिकवलं खरं.

तिसऱ्या दिवशी देवींना निरोप द्यायचा. दहीभाताचा नैवेद्य झाला, आणि अक्षता टाकून 'पुन्हा या' म्हणायची वेळ आली. हे म्हणायचा मान घरच्या मोठ्या बाईचा. आम्ही आईला धरून उठवलं, पहिल्यांदाच, एका बाजूनं बाबा आणि दुसऱ्या बाजूनं मी. तिचं वजन माझ्या खांद्यावर होतं आणि ते मला फुलासारखं वाटत होतं. वहिनीनं तिच्या डाव्या हातात अक्षता दिल्या. आईनं त्या दोघींवर टाकल्या. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"पुढच्या वर्षी या," आई देवींना म्हणाली. "मी आणीन तुम्हाला."