वहिनींचा मायक्रोवेव्ह निर्दोष होता

ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. (आणि तिला मी ‘आमचा गिरणीतला संप पंधरा दिवसांत मिटतो’ असं छातीठोकपणे सांगितलेला माणूस आहे! म्हणजे चुकीचं बोलायला मी कधीच घाबरलो नाही. खरं बोलायचं म्हटलं की तोंडाला कोरड पडते.)

घोडपदेवच्या आमच्या चाळीत, मुलगा डोंबिवलीला राहायला गेला तेव्हा जाताना माझ्या खोलीत वायफायची डबी बसवून गेला. भिंतीपलीकडे मालवणच्या वहिनी आणि त्यांची मुलगी प्रज्ञा. पासवर्ड मी प्रज्ञाला दिला आणि बदल्यात तिने मला शिकवायला घेतलं.

“काका, या डबीतून रेडिओच्या लहरी निघतात. भिंतीतून आरपार आमच्याकडे येतात.”

“माझ्या भिंतीतून? मला न विचारता?”

“दिसत नाहीत ना, म्हणून विचारत नाहीत!”

“पण सगळे फोन एकदम बोलायला लागले तर?”

“नाही बोलत. आधी प्रत्येक जण कान देऊन ऐकतो. दुसरं कोणी बोलत असेल तर थांबतो. शांत झालं की मनाशी थोडं मोजतो, ज्याची मोजणी आधी संपेल तो बोलतो. तरी टक्कर झालीच, तर पुढच्या वेळी जास्त मोजतो.”

मी थक्क झालो. अठरा वर्षं मी गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर काढली. तिथे आवाज एवढा, की आम्ही ओठांच्या हालचालीवर बोलायचो. संपानंतर चाळीच्या मीटिंगांना बसलो, तिथे सगळे एकदम बोलायचे. एवढी रीतभात मी उभ्या आयुष्यात माणसांत पाहिली नव्हती! “ब्लूटूथ तर त्याहून भारी,” प्रज्ञा म्हणाली, “कोणाला अडचण नको म्हणून सेकंदाला सोळाशे वेळा जागा बदलतो.” मी डबीला हात जोडले. (तिचे हिरवे दिवे लुकलुकले. मला तो आशीर्वाद वाटला.)

“फक्त मायक्रोवेव्हपासून सांभाळा हं काका. त्याच्या आतही साधारण याच लहरी असतात. जरा बाहेर सांडल्या की गोंधळ.”

हे वाक्य मी पाठ करून ठेवलं. नसतं केलं तर बरं झालं असतं.

मग प्रज्ञाला मोठ्या कंपनीतून नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत घरबसल्या, सकाळी अकराला. वडील नसलेली पोर, घर तिच्यावरच चालायचं. अख्ख्या मजल्याने टीव्ही बंद ठेवले. डबीची जबाबदारी माझी.

आता आम्ही कोकणातली माणसं. घरातलं कोणी महत्त्वाच्या कामाला निघालं, की समोर भरलेला हंडा हवा. पण ही तर खोलीतच बसणार! मी विचार केला, निघणार आहे तो तिचा आवाज. तो निघणार माझ्या भिंतीतून. म्हणजे शकुन तिथेच हवा! मी आजोबांचा तांब्याचा हंडा काठोकाठ भरून डबी आणि भिंत यांच्यामध्ये ठेवला.

अकरा वाजून पाच मिनिटांनी भिंतीपलीकडून हाक आली, “काका, नेट स्लो झालंय!”

मी ओळखलं. एवढ्या मोठ्या नोकरीला एक हंडा कमी पडतोय! दुसरा ठेवला.

“काका, आवाज तुटतोय!”

तिसरा ठेवला. त्यावर पितळी कळशी.

बायको आतून बाहेर आली. “अहो, पूजा आहे का आज?”

“गप्प बस. पोरीच्या भवितव्याचा प्रश्न आहे.”

“मग हे पिंप पण घ्या की,” ती म्हणाली आणि आम्ही दोघांनी मिळून पाण्याचं पिंप सरकवलं. (ती टोमणा मारत होती, हे मला नंतर कळलं.)

“काका, गेलं! पूर्ण गेलं!”

मी धावत शेजारी गेलो. प्रज्ञा वर इस्त्रीचा शर्ट, खाली गाऊन अशी गॅलरीत फोनचं नेट शोधत पळत होती. आणि तेवढ्यात आतून आवाज आला, टिंग! पाठोपाठ माशाच्या कालवणाचा, बांगड्याच्या तिखल्याचा वास.

“वहिनी!” मी सगळ्या गॅलरीसमोर ओरडलो. “मायक्रोवेव्ह लावलात? यानेच नेट खाल्लं!”

“माका काय म्हाईत, भावजी?” वहिनी पांढऱ्याफटक पडल्या. “एकच मिनिट लावलेलंय. पोरगी उपाशी होती...”

गॅलरी माझ्याकडे आदराने बघू लागली. काय हे ज्ञान, या वयात!

ती नोकरी हातची गेली. प्रज्ञा आठ दिवस आईशी बोलली नाही. वहिनींनी मायक्रोवेव्हची पिन काढली, त्यावर क्रोशाचा रुमाल घातला आणि पुन्हा कधी लावला नाही.

मुलाखतीच्या दुपारी मी हंडे उचलले तशी भिंतीपलीकडे वहिनींच्या फोनवर अडकलेली आरती अचानक सुरू झाली होती. तेव्हाच मी हंड्यांकडे वळून बघितलं. नवव्या दिवशी मी प्रज्ञाला सहज विचारल्यासारखं केलं, “काय गं, या लहरींना पाणी चालतं का?”

“पाणी? पाणी त्यांना पिऊन टाकतं, काका! आणि तांब्या-पितळेवर आपटून त्या मागे फिरतात. का हो?”

“काही नाही. असंच.”

वीतभर जाडीची भिंत ज्यांना अडवू शकली नाही, त्यांना माझ्या शकुनाने अडवलं होतं!

सहा महिन्यांनी प्रज्ञाला पुण्यात नोकरी लागली. मायलेकी निघाल्या त्या सकाळी मी वाक्य पाठ करून गेलो, ‘वहिनी, चूक माझी होती. तुमचं तिखलं निर्दोष होतं.’ दारात पोचलो, तर वहिनींनी रुमाल काढून मायक्रोवेव्ह माझ्या हातांत ठेवला.

“भावजी, ह्यो तुमीच ठेवा. ह्यातला तुमकाच कळता. तुमी सांगलात म्हणान बरा, नायतर माझ्या हातान पोरीचा अजून नुकसान झाला असता.” आणि त्यांनी डोळ्याला पदर लावला.

वहिनी गेल्या वर्षी वारल्या. म्हणजे बोलायची ती एकच वेळ होती. त्या सकाळी दारात मी खोल श्वास घेतला, त्यांच्या डोळ्यांत बघितलं, तोंड उघडलं आणि म्हणालो,

“वहिनी, याची वायर आमच्या प्लगपर्यंत पुरेल ना हो?”