गयामावशींचा संशय

नवी भिंत दिसली की गयामावशी खुरप्याचं टोक तिच्यात खुपसून बघायच्या. मग ती शाळेची खोली असो की कुणाची न्हाणी. निघालेला चुरा चिमटीत चोळून मालकाच्या तोंडावर सांगायच्या, "पानी मारलं न्हाई हिला. कच्ची हाय." बांधकामावर घमेली वाहण्यात त्यांचा जन्म गेला होता.

पूर्णेचं पाणी गावात दोनदा शिरल्यावर सरकारने पूरसंरक्षक भिंतीला निधी मंजूर केला. मी तेव्हा ग्रामपंचायतीचा सदस्य होतो. काम झटपट उरकलं आणि 'काम समाधानकारक' अशा ठरावावर सह्या घ्यायला ग्रामसभा भरली. मी सही केली. गयामावशी उठून म्हणाल्या, "आधी पाया दावा. वरून समद्याच भिंती चांगल्या दिसत्यात."

ठेकेदार हसला. "मावशी, पाया जमिनीत असतो."

"म्हून तर म्हनायलेय, उकरा."

त्यांचा जावई दुसऱ्या एका ठेकेदाराकडे कामाला होता. त्यानेच पढवलं असणार, अशी कुजबुज सुरू झाली. मलाही तसंच वाटलं. संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन मी विचारलं, "मावशी, तुम्हाला कुणी काही दिलंय का?"

त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "तुला कुनी काय दिलं म्हून तू सही केलीस, ते मी इचारलं का?"

मला कुणी काही दिलं नव्हतं. मी न बघताच सही केली होती.

दुसऱ्या दिवशी त्या बुद्धविहारामागे भिंतीलगत एकट्याच उकरत बसल्या. मी बघायला गेलो आणि कुदळ हातात घेतली. वीतभर खाली पाया संपला. पुढे नुसती काळी माती. मी फोटो काढून अर्ज दिला. चौकशी झाली, तेवढा तुकडा पाडून नव्याने बांधला. बाकीची भिंत 'योग्य' ठरली.

"बाकीची बी उकरू," मावशी म्हणाल्या.

"आता किती संशय घ्यायचा, मावशी? चौकशीच्या साहेबांनी पाहिलंय. मी सांगतो ना."

"तू म्हन्तोस तर ऱ्हाऊ दे," म्हणून त्या खुरपं उचलून घरी गेल्या.

पुढच्या पावसाळ्यात भिंत खालच्या अंगाला, न उकरलेल्या भागात कोसळली. मावशींच्या घरात छातीएवढं पाणी होतं. आम्ही सगळे शाळेत राहिलो. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसलो, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "जल्मात एकदाच कुनाच्या शब्दावर इस्वास ठेवला बघ."

पाणी ओसरल्यावर लेक त्यांना सेलूला घेऊन गेली. थंडीत त्या तिथेच वारल्या. मी अंत्यविधीला गेलो होतो. कुणीतरी विचारलं, "तुम्ही कोण त्यांचे?"

"गावचा," एवढंच मी सांगितलं.